ऑटोमेशनमध्ये शिरताय? आधी मशीन थांबवायला शिका

डिप्लोमा किंवा डिग्री संपत आली की मुलं हमखास विचारतात, "सर, कुठल्या पीएलसीचा कोर्स करू? सीमेन्सचा की ॲलन-ब्रॅडलीचा?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. पीएलसीवर, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, मोटर चालू करायला कोणीही आठवड्याभरात शिकतो. तीच मोटर कधी थांबली पाहिजे, वायर तुटली तर काय, वीज जाऊन परत आली तर काय, गार्डचं दार उघडं असताना कोणी स्टार्ट दाबलं तर काय, हे नीट सांगू शकणारी माणसं मात्र चाकणपासून दहेजपर्यंत शोधावी लागतात. त्या माणसांत ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हा लेख. शाखा इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कुठलीही चालेल. आयटीआयच्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेडमधून आलेल्यांनाही दार बंद नाही. उलट त्यांचे हात आधीच तयार झालेले असतात.

मशीन की प्रोसेस?

बाहेरून एकच वाटणारं हे क्षेत्र आतून दोन आहे. एक बाजू मशीनची: चाकण, रांजणगाव, वाळूज, नाशिकचं अंबड-सातपूर. इथे प्रेस, कन्व्हेअर, रोबो, असेंब्ली लाइन आणि एसपीएम (एकाच ठरावीक कामाची खास मशीनं) बनवणारे छोटे कारखाने. काम मिलिसेकंदांचं. दुसरी बाजू प्रोसेसची: तारापूर, महाड, लोटे परशुराम, पाताळगंगा, कुरकुंभ, गोव्यात वेर्ण्याचे औषध कारखाने, आणि हो, आपले साखर कारखाने. इथे टाक्या, रिॲक्टर, बॉयलर, कंट्रोल व्हॉल्व्ह, ट्रान्समीटर (दाब, तापमान मोजून सिग्नल पाठवणारी उपकरणं) आणि डीसीएस (सगळ्या प्लांटचं नियंत्रण एकत्र करणारी संगणक यंत्रणा). इथे तापमान हलायला मिनिटं लागतात, कधी तास.

खरा फरक मात्र थांबण्यात आहे. प्रेस अडली की वीज तोडा, बहुतेक वेळा माणूस वाचतो. रिॲक्टरचं तसं नाही. आत उष्णता सोडणारी अभिक्रिया चालू असताना ढवळणी आणि कूलिंगचं पाणी दोन्ही बंद पडलं, तर 'बंद' हीच सगळ्यात धोकादायक अवस्था ठरते. तिथे सुरक्षित थांबणं म्हणजे फीड तोडायचं, कूलिंग चालू ठेवायचं, गरज पडली तर अभिक्रिया मारणारं रसायन आत सोडायचं. त्यामुळे दोन्हीकडचे नियमही वेगळे. मशीनवाल्यांसाठी आयएसओ १३८४९ आणि आयईसी ६२०६१, प्रोसेसवाल्यांसाठी आयईसी ६१५११, आणि या साऱ्यांच्या पाठीशी १९९८ साली यायला लागलेलं, २०१० मध्ये सुधारलेलं आयईसी ६१५०८.

पहिल्या दिवशीच कायमचं ठरवायला नको. पण गाव, घर आणि स्वभाव बघून कल तरी ठरवा. सांगली-कोल्हापूर भागातल्या मुलाला साखर कारखान्यात बॉयलर आणि टर्बाइनचं इन्स्ट्रुमेंटेशन इतक्या जवळून बघायला मिळतं की पुण्याच्या मुलाने हेवा करावा. गाळप हंगामात यंत्रं चालताना बघायची, हंगाम संपला की ती उघडलेली बघायची. असा अभ्यासक्रम कुठल्याच कॉलेजात नाही.

सुरुवात वायरपासून

लॅपटॉप नंतर. आधी एक मल्टीमीटर, २४ व्होल्ट डीसीचा पॉवर सप्लाय, दोन पुशबटणं, एक रिले, एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि थोडी वायर घ्या. जुन्या बाजारात हे सगळं बऱ्यापैकी स्वस्तात जमतं. मग एकच प्रश्न धरून बसा: स्टार्टचं बटण एनओ (एरवी उघडं, दाबल्यावर जुळणारं) आणि स्टॉपचं एनसी (एरवी जुळलेलं, दाबल्यावर तुटणारं) का?

कारण स्टॉपच्या सर्किटमध्ये सतत करंट वाहत असतो. बटण दाबलं तरी तो तुटतो, उंदराने वायर कुरतडली तरी तुटतो, टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला तरी तुटतो. तिन्ही वेळा मशीन थांबतं. स्टॉप एनओ ठेवलं असतं तर तुटलेली वायर कुणाला कळलीच नसती. कळली असती ती ज्या दिवशी बटण दाबायची वेळ आली त्या दिवशी. बिघाड झाला तरी यंत्रणा सुरक्षित बाजूलाच पडली पाहिजे. हे अंगात मुरलं की पुढचे जाडजूड ग्रंथ निम्मे सोपे होतात.

४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नलही याच विचारातून आलाय. शून्यापासून का नाही सुरू केला? शून्य बारचा दाब आणि तुटलेली वायर यांत फरक कळावा म्हणून. ० ते १० बारच्या ट्रान्समीटरवर १२ मिलिअँपिअर दिसले तर दाब ५ बार, ८ दिसले तर अडीच बार. शून्य दिसलं तर लूपच उघडा आहे. बरेच ट्रान्समीटर स्वतःत बिघाड झाला की मुद्दाम करंट ३.६च्या खाली किंवा २१च्या वर नेतात. असे हिशेब तोंडी यायला हवेत, साइटवर कोणी कॅल्क्युलेटर काढायची वाट बघत नाही. तापमान मोजणारा पीटी १०० सेन्सर ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला साधारण १३८.५ ओहम दाखवतो, हेही लक्षात असू द्या. नुसत्या मल्टीमीटरने सेन्सर गेलाय की कार्ड गेलंय ते दोन मिनिटांत सांगता येतं, आणि नव्या पोराबद्दल फोरमनचं मत तिथेच बनतं.

याच टप्प्यावर ड्रॉइंग वाचायला शिका. पॅनेलचं वायरिंग ड्रॉइंग, आयओ लिस्ट (इनपुट-आउटपुटची यादी), आणि प्रोसेसमध्ये जाणार असाल तर पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणं दाखवणारं ड्रॉइंग). फेरूल नंबरावरून, म्हणजे वायरीच्या टोकावरच्या नंबरावरून, वायर शोधत फील्डमधल्या जंक्शन बॉक्सपर्यंत पोचता आलं पाहिजे. सॉफ्टवेअर येतं पण ड्रॉइंग येत नाही असे उमेदवार ढिगाने आहेत.

आता पीएलसी

जनरल मोटर्सला गाडीचं मॉडेल बदललं की रिलेने भरलेली पॅनेलं नव्याने वायर करावी लागत. त्या कटकटीतून १९६८ साली डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे बनवायला घेतलं ते मॉडिकॉन ०८४. लॅडर भाषा रिलेच्या ड्रॉइंगसारखी दिसते ती त्यामुळेच: इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी म्हणून. आज आयईसी ६११३१-३ मध्ये लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट आणि सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट या भाषा आहेत. लॅडर आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्ट पक्क्या करा, बाकीच्या ओघात येतात.

ब्रँडची काळजी करू नका. प्रोग्रामिंगच्या सरावासाठी कोडेसिस फुकट आहे, ओपनपीएलसी फुकट आहे, सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची चाचणी आवृत्ती मिळते. एका ब्रँडवर विचार करायला शिकलात की दुसऱ्यावर फक्त मेनू शोधायचा असतो. हजारो रुपयांचा कोर्स लावण्याआधी पुढची चार कामं स्वतः करून बघा, आणि चारही नीट जमली तर कोर्सची गरज आहे का ते पुन्हा ठरवा.

पहिलं, स्टार्ट-स्टॉप लॅच (बटण सोडलं तरी मोटर चालू ठेवणारं लॉजिक) लिहा, आणि वीज जाऊन आल्यावर मोटर आपोआप सुरू होणार नाही याची खात्री करा. महाराष्ट्रात लोडशेडिंग बघत वाढलेल्या माणसाला याचं महत्त्व समजावून सांगायला नको: वीज गेली म्हणून कामगाराने अडकलेला माल काढायला हात घातला, आणि तेवढ्यात वीज आली. दुसरं, तीन कन्व्हेअर एकापाठोपाठ चालू आणि उलट क्रमाने बंद करा, मधला ट्रिप झाला तर मागचा लगेच थांबला पाहिजे. तिसरं, 'फर्स्ट आउट' अलार्म: एकदम दहा दोष आले तर आधी कुठला आला ते दिसलं पाहिजे. चौथं, ॲनालॉग इनपुटचं स्केलिंग करून वायर तुटल्याचं निदान त्यात घाला. हे काम कागदावर समजावून सांगता आलं तर मुलाखतीत तुम्ही अर्ध्याहून अधिक उमेदवारांच्या पुढे आहात.

सेफ्टी म्हणजे नेमकं काय

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक कोर्स इथेच संपतात.

इमर्जन्सी स्टॉपची वायर साध्या पीएलसीच्या इनपुटला जोडून प्रोग्राममध्ये मोटर बंद केली, तर चालतं की! रोज चालतं. प्रश्न न चालणाऱ्या दिवसाचा आहे. आउटपुट कार्डचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, कॉन्टॅक्टरचे (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट वेल्ड होऊन चिकटले, प्रोग्राम अडकला, तर? म्हणून सेफ्टीचं सर्किट वेगळं असतं. बटणाचे दोन एनसी कॉन्टॅक्ट, दोन चॅनेल, ते तपासणारा सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी, पुढे एकामागे एक दोन कॉन्टॅक्टर, आणि त्या कॉन्टॅक्टरचे सहायक कॉन्टॅक्ट परत रिलेकडे आणलेले, म्हणजे एक चिकटला तर पुढच्या वेळी मशीन सुरूच होणार नाही. बटण वर ओढलं म्हणून मशीन सुरू होता कामा नये. रीसेट वेगळं, स्टार्ट वेगळं. पॅनेलमधले पिवळ्या रंगाचे रिले यासाठी असतात. पुढच्या वेळी पॅनेल उघडाल तेव्हा त्यांच्या वायरी शोधत जा.

सगळ्याच ठिकाणी वीज ताबडतोब तोडणं योग्यही नसतं. वेगात फिरणारा मोठा रोल वीज तोडल्यावर कितीतरी वेळ फिरत राहील. ड्राइव्हने आधी ब्रेक लावून मग वीज तोडली तर तो लवकर थांबतो. पहिल्या प्रकाराला स्टॉप कॅटेगरी ०, दुसऱ्याला १.

लाइट कर्टन घ्या, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा. तो प्रेसपासून किती अंतरावर लावायचा? डोळ्याच्या अंदाजाने नाही. हात सेकंदाला २००० मिलिमीटर वेगाने पुढे येतो असं धरतात, त्याला थांबण्याच्या एकूण वेळेने गुणतात, आणि कर्टनच्या किरणांमधल्या फटीनुसार आणखी अंतर मिळवतात. १४ मिलिमीटर जाडीची वस्तू ओळखणाऱ्या कर्टनला ही भर शून्य. प्रेस आणि सगळी यंत्रणा मिळून ०.२ सेकंदात थांबत असेल तर अंतर ४०० मिलिमीटर. आता दोन वर्षांनी ब्रेकचे लायनर झिजले आणि तीच प्रेस ०.२४ सेकंदात थांबायला लागली, तर अंतर ४८० हवं. कर्टन मात्र ४०० वरच. दिवा हिरवा, ऑपरेटर निश्चिंत, आणि हात पोचेल तेव्हा रॅम, म्हणजे प्रेसचा वरून येणारा भाग, अजून खाली येतोय. म्हणून थांबण्याची वेळ अधूनमधून मोजायची असते. किती कारखान्यांत मोजतात, हे मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतात तेव्हा जरूर विचारा.

आणि एक गोष्ट छोट्या वर्कशॉपांत शिरणाऱ्यांसाठी: जुन्या की-क्लच पॉवर प्रेसवर लाइट कर्टन लावून काही उपयोग नाही. तो क्लच एकदा गुंतला की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये थांबवायची सोयच नाही. तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड हवा. मालकाने हौसेने महागडा कर्टन आणला असला तरी हे त्यांना सांगणं तुमचं काम. दोन हातांनी चालवायच्या बटणांचंही एक लक्षात ठेवा. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच चालेल अशी अट घालतात, कारण एक बटण लाकडी पट्टीने दाबून ठेवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रोसेसमध्ये हीच गोष्ट 'सिल'च्या, म्हणजे सुरक्षा यंत्रणेच्या भरवशाच्या पातळीच्या, भाषेत बोलतात. आधी हॅझोपमध्ये काय काय बिघडू शकतं ते टेबलाभोवती बसून काढायचं, मग लोपा करून धोका किती पट कमी करायचा ते ठरवायचं. सिल १ म्हणजे १० ते १०० पट, सिल २ म्हणजे १०० ते १००० पट, सिल ३ म्हणजे १००० ते १०,००० पट. हा आकडा एकट्या ट्रान्समीटरचा नसतो. सेन्सर, लॉजिक आणि व्हॉल्व्ह मिळून सगळ्या लूपचा असतो. 'सिल ३ सर्टिफाइड' ट्रान्समीटर आणून जुन्या, कधी न हलवलेल्या व्हॉल्व्हला जोडला तर लूप सिल ३ होत नाही. शिवाय तपासणीचा काळ हिशेबात धरलेला असतो. वर्षातून एकदा प्रूफ टेस्ट करू म्हणून आकडा काढला आणि टेस्ट दोन वर्षांनी केली, तर ऐनवेळी लूप न चालण्याची सरासरी शक्यता जवळपास दुप्पट होते. कागदावर सिल २ तसाच राहतो, प्रत्यक्षात राहतोच असं नाही.

११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधल्या बन्सफिल्ड डेपोत पेट्रोलची टाकी भरून वाहिली आणि प्रचंड स्फोट झाला. पातळी दाखवणारा गेज अडकला होता. अशा वेळेसाठीच बसवलेला स्वतंत्र हाय-लेव्हल स्विचही चालला नाही. आपल्याकडे भोपाळला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा बंद होती, फ्लेअरची पाइप सुटी करून ठेवली होती आणि स्क्रबर स्टँडबायवर होता. सुरक्षेची उपकरणं दोन्हीकडे विकत आणलेली होती. म्हणून इंजिनिअरने खरेदीच्या यादीइतकंच टेस्ट रजिस्टर वाचायला शिकलं पाहिजे.

रात्री दोनचा बायपास

नोकरीच्या पहिल्या वर्षात हे होणारच. रात्रपाळी, गाडी लोडिंगला उभी, आणि सुपरवायझर म्हणतो, "अरे, दाराचा स्विच सारखा ट्रिप करतोय. तेवढा जंपर टाक ना, सकाळी बघू." तुम्ही ट्रेनी, तो पंधरा वर्षं जुना. भांडून उपयोग नाही, मुकाट्याने जंपर टाकण्यातही, म्हणजे वायरीचा तुकडा जोडून स्विच निकामी करण्यातही, नाही.

आधी कारण शोधा. दहापैकी अनेकदा दार वाकलेलं असतं, स्विच सरकलेला असतो किंवा कनेक्टरमध्ये तेल गेलेलं असतं. दुरुस्तीला जंपरपेक्षा जेमतेम जास्त वेळ लागतो. तसं नसेल तर शांतपणे म्हणा, "दादा, माझ्याकडे बायपासची परवानगी नाही. मेंटेनन्सच्या साहेबांना फोन लावतो, ते म्हणाले तर परमिट भरून करू." चांगल्या कारखान्यात बायपास रजिस्टर असतं: कुठला इंटरलॉक, का, कोणाच्या सहीने, किती वेळासाठी, तोवर कोण उभं राहणार, आणि काढल्याची नोंद. असं रजिस्टरच नसेल तर निदान मेल टाका. बॉयलरचा मोब्रे म्हणजे पाणी कमी झाल्यावर आग तोडणारा फ्लोट स्विच, किंवा फ्लेम फेल्युअर, म्हणजे ज्वाला विझल्यावर इंधन तोडणारी यंत्रणा, यांच्या बाबतीत मात्र तात्पुरतं वगैरे काही नाही. तिथे नाहीच म्हणायचं, नोकरी जाईल अशी भीती वाटली तरी.

स्वतःच्या जिवासाठी लोटो (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे वीज तोडून कुलूप आणि पाटी लावणं). मशीनमध्ये हात घालण्याआधी आयसोलेटरला तुमचं कुलूप, चावी तुमच्याच खिशात. मग साठून राहिलेली ऊर्जा आठवा: सिलिंडरमधली हवा, हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटर, उभ्या ॲक्सिसचं वजन, आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) कपॅसिटरमधला व्होल्टेज, जो वीज तोडल्यावरही काही मिनिटं जीव घेऊ शकतो. किती मिनिटं ते ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये आणि बहुतेक वेळा झाकणावरही छापलेलं असतं. नंतर मीटर लावून खात्री करा.

पहिली नोकरी कुठे

माझं मत स्पष्ट आहे: जमत असेल तर पहिली दोन-तीन वर्षं छोट्या सिस्टिम इंटिग्रेटरकडे किंवा पॅनेल बिल्डरकडे काढा. भोसरी, पिंपरी, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, ठाण्यात अशा कंपन्या गल्लोगल्ली आहेत. पगार कमी, प्रवास जास्त, पण ड्रॉइंगपासून कमिशनिंगपर्यंत सगळं हाताखालून जातं. पुण्यात हनीवेल, एमर्सन, फोर्ब्ज मार्शलसारख्या मोठ्या कंपन्यांत पद्धतशीर प्रशिक्षण आणि चांगलं नाव मिळतं, फक्त एकाच कोपऱ्याचं काम वर्षानुवर्षं करत राहायची शक्यता असते. तयार माल बनवणाऱ्या कारखान्यातल्या मेंटेनन्समध्ये शिफ्ट आहे, ब्रेकडाउनचा ताण आहे, पण एकच यंत्रणा वर्षभर कशी बिघडते हे तिथेच कळतं.

थेट नोकरी मिळत नसेल तर ॲप्रेंटिसशिपला कमी लेखू नका. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी एनएटीएसचं पोर्टल, आयटीआयवाल्यांसाठी एनएपीएसचं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: खरी हार्डवेअर किती, एका संचावर किती मुलं, आणि मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलता येईल का. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या कंपनीत जाऊ नका.

आखाताकडे जायचं असेल तर आधी देशातला तेल-वायू, रिफायनरी किंवा शटडाउन कामाचा अनुभव हवा. एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा.

सर्टिफिकेटांचा गोंधळ

'सेफ्टी'मध्ये करिअर म्हटलं की दोन वेगळ्या नोकऱ्यांची सरमिसळ होते. सेफ्टी ऑफिसर हे कायद्यातलं पद आहे, कारखाने अधिनियम १९४८ मध्येही होतं आणि २०२०च्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. त्यासाठी औद्योगिक सुरक्षेची पदविका लागते. शीवची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट ती शिकवते. फंक्शनल सेफ्टी इंजिनिअर हे डिझाइनचं काम आहे: सिल काढणं, सेफ्टी सर्किट आखणं, तपासणी करणं. त्यासाठी ट्यूफ ऱ्हाइनलँडचं एफएस इंजिनिअर किंवा मशीनवाल्यांसाठी सीएमएसई अशी प्रमाणपत्रं आहेत. त्यांची फी भरपूर आणि आधी काही वर्षांचा अनुभव अपेक्षित. फ्रेशरने यामागे धावू नये, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कंपनीच्या पैशाने करावं.

एक विषय मात्र आत्तापासून जवळ ठेवा, सायबर सुरक्षा. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेटने इराणच्या नतान्झमधल्या सेंट्रिफ्यूजना चालवणाऱ्या सीमेन्सच्या पीएलसीमध्ये शिरून ती यंत्रं बिघडवली. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ट्रायटन नावाचा व्हायरस थेट सेफ्टी कंट्रोलरमध्येच घुसला. त्या कंट्रोलरची चावी 'प्रोग्राम'वर राहिली होती. कामं झाल्यावर चावी 'रन'वर फिरवून काढून घ्या. या विषयाचं मानक, आयईसी ६२४४३, मागाहून वाचा.

मुलाखतीत

रेझ्युमेवर सॉफ्टवेअरची यादी कमी आणि केलेलं काम जास्त लिहा. "४८ आयओचं पॅनेल वायर केलं, लूप चेकिंग केलं" हे वाक्य "गुड नॉलेज ऑफ पीएलसी, स्काडा, एचएमआय" या ओळीपेक्षा वजनदार. बहुतेक ठिकाणी एखादं ड्रॉइंग पुढे सरकवतात आणि विचारतात, "हा रिले का पडत नाहीये?" उत्तर लगेच सुचलं नाही तरी पेन घ्या, २४ व्होल्टपासून निघा आणि मोठ्याने बोलत वायरीमागोमाग जा: इथे फ्यूज, इथे इमर्जन्सीचा एनसी, इथे दाराचा स्विच, इथे फीडबॅक. समोरचा तुम्ही कुठे थांबता ते बघत असतो. एखादा कॉन्टॅक्ट तिथे का आहे हे कळलं नाही तर "माहीत नाही, पण हा काढला तर काय होईल ते सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा.